कॉफी मिळाली नाही की डोकं ठणकतं? हे हार्मोन्स बिघडल्याचं लक्षण आहे का?

सकाळी उठल्याबरोबर कॉफी, दुपारी जांभया आल्या की दुसरा कप, संध्याकाळी तिसरा. एखाद्या दिवशी कॉफी चुकली की डोकं ठणकतं, चिडचिड होते. 'अशी तलफ येते म्हणजे तुमच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकल्या आहेत,' असं सांगणारे रील्स बरेच फिरतात. त्यात तथ्य किती?

कॉफीची सवय का लागते?

आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोप येऊ लागते. कॅफिन अ‍ॅडेनोसिनची वाट अडवतं. थकवा असतोच, फक्त जाणवत नाही. मेंदूला याची सवय होते. म्हणून कॉफी अचानक बंद केली की १२ ते २४ तासांत डोकेदुखी आणि मरगळ सुरू होते. हा त्रास २ ते ९ दिवस राहू शकतो. त्यावरून ग्रंथी बिघडल्या असं म्हणता येत नाही.

'अ‍ॅड्रिनल फटीग' खरंच असतो का?

हार्मोनतज्ज्ञांच्या 'एंडोक्राइन सोसायटी'च्या मते, असा आजार असल्याचा वैज्ञानिक पुरावा नाही. अ‍ॅड्रिनल ग्रंथी खरोखर कमी पडतात तो अ‍ॅडिसन आजार. तो दुर्मीळ आहे. त्यात वजन घटतं, रक्तदाब उतरतो, त्वचा काळवंडते आणि रक्ततपासणीत त्याचं निदान होतं.

मग डॉक्टरांकडे कधी जायचं?

पुरेशी झोप होऊनही कॉफीशिवाय दिवस ढकलता येत नसेल, तर थकव्याचं कारण शोधायला हवं. सोबत वजन वाढणं, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता किंवा केस गळणं असेल तर थायरॉइड कमी काम करत असण्याची शक्यता असते. पाळीत जास्त रक्तस्राव होत असेल तर हिमोग्लोबिन कमी असू शकतं. सतत तहान आणि वारंवार लघवी ही मधुमेहाची लक्षणं आहेत. टीएसएच, हिमोग्लोबिन आणि साखर या साध्या रक्ततपासण्यांतून बरंच कळतं. कॉफीने थकवा झाकला, तर याच तपासण्या लांबणीवर पडतात.

हे लक्षात ठेवा

- थायरॉइडची गोळी कॉफीसोबत घेतली तर ती नीट शोषली जात नाही. गोळी रिकाम्या पोटी पाण्यासोबत घ्या, कॉफी अर्ध्या ते एक तासाने.
- हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणासोबत चहा-कॉफी टाळा. अन्नातलं लोह कमी शोषलं जातं.
- निम्मं कॅफिन शरीरातून जायला साधारण ५ तास लागतात. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये जवळपास दुप्पट वेळ लागतो. संध्याकाळची कॉफी रात्रीची झोप बिघडवते ती यामुळेच.
- निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम, तर गरोदरपणात २०० मिलिग्रॅम कॅफिन ही मर्यादा मानली जाते. चहा, कोला आणि एनर्जी ड्रिंकमधलं कॅफिनही त्यात धरा.

कॉफी कमी करायची असेल तर एकदम सोडू नका. दर काही दिवसांनी अर्धा कप कमी करत गेलं की डोकेदुखीचा त्रास कमी होतो. त्यानंतरही थकवा तसाच राहिला, तर डॉक्टरांना दाखवा.