कमी गुळाची तवसळी

श्रावण लागला की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तवशी यायला लागतात. हातभर लांब, जाड सालीची, मोठ्या बियांची ही काकडी कोशिंबिरीपेक्षा तवसळीच्या कामाची. चवथीला एखादं गणपतीवर टांगायच्या माटोळीला बांधलं जातं, आणि तळावलीच्या सांत आनाच्या चर्चमध्ये तर जुलैअखेरच्या फेस्ताला तवशीच वाहतात. पेडणे-डिचोलीत घरोघरी होणारी तवसळी पलीकडे सिंधुदुर्गात धोंडस म्हणून ओळखली जाते. तवसं आणि तांदळाचा रवा यांचा हा केकच, पण मैदा नाही, अंडं नाही, बेकिंग पावडर नाही. घरात ओव्हन नव्हता तेव्हा चुलीवरच्या टोपाच्या झाकणावर निखारे ठेवून ती खालून-वरून भाजत.

हल्ली बरेच जण तिच्यातला गूळ निम्मा करतात आणि मग ती कोरडी झाली, भुगा झाला म्हणून कुरकुरतात. दोष रव्याचा नसतो. गूळ गोडी देतो तसं पाणीही धरून ठेवतो. तांदळातला स्टार्च 70 अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगतो आणि वडी धरते. गूळ भरपूर असला की तो या पाण्यात वाटेकरी होतो, त्यामुळे स्टार्च सावकाश फुगतो आणि भाजून झाल्यावरही ओल टिकते. गूळ कमी केला की ही ओल दुसऱ्या कुठून तरी आणावी लागते. ती तवशातून आणि नारळातून आणायची.

दोन वाट्या तांदळाचा रवा घेतला, तर किसलेलं तवसं पाण्यासकट तीन वाट्या, ओलं खोबरं एक वाटी आणि गूळ पाऊण वाटी. नेहमीच्या हाताला दीड वाटी गूळ लागतो, म्हणजे आपण निम्म्यावर आलो. वर तूप दोन चमचे, वेलची आणि चांगलं चिमूटभर मीठ. मीठ विसरू नये. गोड कमी असलं की मिठाशिवाय सगळं मिळमिळीत लागतं.

तवसं किसण्याआधी दोन्ही टोकांचा तुकडा चावून बघावा. कडू निघालं तर ते सरळ बाजूला ठेवावं, कारण हा कडूपणा भाजून जात नाही. साल आणि बियांचा गर काढून किसलं की ताटात पाणी सुटतं. ते फेकायचं नाही. त्याच पाण्यात गूळ विरघळवून गाळून घ्यावा. माडाच्या काळ्या गुळात कचरा-वाळू असते, ती गाळणीत राहते. या गुळाला किंचित खारट, धुरकट चव असते, त्यामुळे थोडाही पुरतो. पण तो पौष्टिक म्हणून सढळ हाताने घालण्यात अर्थ नाही. गूळही शेवटी बहुतांशी साखरच.

रवा मंद आचेवर, कोरडाच भाजावा. रंग बदलायची वाट बघू नये. कच्च्या पिठाचा वास जाऊन भाजक्या भाताचा वास सुटला आणि उलथन्यावरून दाणे सुटे घरंगळले की उतरवावा. भाजलेला दाणा पाणी हळूहळू घेतो, म्हणून गुठळ्या होत नाहीत. मग सगळं एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवावं. एवढ्यात रवा बरंच पाणी ओढून घेतो. मिश्रण इडलीच्या पिठाइतकं सैल राहिलं पाहिजे, घट्ट झालं तर नारळाचा रस घालावा. ही अर्ध्या तासाची कंटाळवाणी पायरीच कमी गुळाच्या तवसळीला वाचवते. ती गाळली तर मधला रवा कचकचीत राहतो.

तूप लावलेल्या डब्यात दोन इंचांपेक्षा जाड थर नको. हळदीचं पान मिळालं तर तळाला घालावं. ओव्हन 180 अंशांवर आधी तापवून घ्यावा. पहिली तीस मिनिटं डबा झाकून ठेवावा, म्हणजे आतल्या वाफेत रवा शिजतो. मग झाकण काढून पंधरा-वीस मिनिटं वरची बाजू भाजू द्यावी. माडाच्या गुळाने मिश्रण मुळातच काळपट असतं, तेव्हा रंगावर भरवसा ठेवू नये. कडा डब्यापासून सुटल्या आणि मध्ये खुपसलेली सुरी स्वच्छ निघाली की झालं. ओव्हन नसेल तर जाड बुडाचा टोप तव्यावर ठेवून, आच मंद करून भाजता येते, पण वरचा थर तेवढा खरपूस होत नाही.

गरम असताना सुरी लावू नका. स्टार्च निवता निवता घट्ट होतो, त्याला तासभर द्या. मग वड्या सुबक पडतात. ओलं खोबरं असल्यामुळे दमट हवेत ती बाहेर एका दिवसापलीकडे ठेवू नये. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते, पण कडक होते. खाण्याआधी पाच मिनिटं वाफ दिली की पुन्हा मऊ पडते.