न उडणारी चिलटं

दोस्तांनो, केळी जास्त पिकली की त्यांवर घोंघावणारी बारीक चिलटं तुम्ही पाहिलीच असतील. आई ती हाकलते. पण तुमच्याकडे गप्पी किंवा फायटर मासे असतील, तर त्यांना हीच चिलटं म्हणजे मेजवानी! अडचण एकच. बाटली उघडली की ती घरभर उडणार.

यावर उपाय आहे खुरट्या पंखांच्या चिलटांचा. ही फक्त चालतात. अमेरिकन शास्त्रज्ञ टी. एच. मॉर्गन यांना अशी चिलटं त्यांच्या प्रयोगशाळेत सापडली. चिलटांवरच्याच संशोधनासाठी त्यांना १९३३ साली नोबेल पारितोषिक मिळालं. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या काही कॉलेजांत ती प्रयोगासाठी पाळतात. सरांच्या ओळखीने थोडी मागून आणा.

आता आईच्या मदतीने त्यांचं खाणं करू या. रवा आणि गूळ पाण्यात घट्टसर शिजवा. त्यात अर्धं कुस्करलेलं केळं आणि बुरशी धरू नये म्हणून थोडं व्हिनेगर घाला. गार झाल्यावर जॅमच्या दोन स्वच्छ बाटल्यांत दोन-दोन बोटं भरा. वर चिमूटभर बेकरीचं यीस्ट भुरभुरा. चिलटांना बसायला घडीचा कागद खोचा. प्रत्येकीत वीस-पंचवीस चिलटं सोडून तोंडाला दुहेरी सुती कापड रबराने घट्ट बांधा. मुंग्या लागू नयेत म्हणून बाटल्या पाण्याच्या ताटलीत ठेवा.

अंडी, अळी, कोष आणि मग नवं चिलट! २५ अंश तापमानाला याला साधारण दहा दिवस लागतात. उन्हाळ्यात बाटल्या घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा. बाटली हलकेच आपटली की चिलटं तळाशी पडतात. मग कापड सोडून थोडी पाण्यावर झटका. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढीच द्या, तीही आठवड्यातून दोन-तीनदा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. पंख खुरटायला तो गुण आई आणि बाबा दोघांकडून यावा लागतो. स्वयंपाकघरातलं एकच पंखवालं चिलट आत शिरलं आणि त्याची जोडी जमली, तर त्यांची सगळी पिल्लं उडणारी! म्हणून तर आपण दोन बाटल्या भरल्या. एकीत घोळ झालाच, तर ती कापडासकट रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवा, धुवा आणि दुसरीतली चिलटं घेऊन पुन्हा सुरुवात करा. दर दोन-तीन आठवड्यांनी नवं खाणं, नवी बाटली.

घोळ झाला म्हणून हिरमुसू मात्र नका. खुरट्या पंखांच्या आईला पंखवाली पिल्लं झालेली तुम्ही घरबसल्या पाहिलीत, ते काय थोडं झालं?