वीजजाळे आणि घसाऱ्याचा हिशेब

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या आणि महानगराला बाहेरून वीज पुरविणाऱ्या वाहिन्या किती तोकड्या आहेत हे सर्वांना उमगले. कुडूस ते आरे या सुमारे ८० किलोमीटर लांबीच्या, १००० मेगावॅट क्षमतेच्या दिष्ट प्रवाह वाहिनीच्या योजनेस त्यानंतर गती मिळाली. योजना आवश्यकच होती. मात्र तिच्या नवलाईच्या कौतुकात खर्चाची एक बाजू दृष्टीआड होत आहे.

हे तंत्र महाराष्ट्रास नवे नाही. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत, ७५२ किलोमीटर, १९९९ पासून वीज दिष्ट प्रवाहाच्या रूपाने येते. (मुंबईत दिवे लागावेत म्हणून धूर चंद्रपूरकरांनी सोसायचा, हा स्वतंत्र लेखाचा विषय.) एका टोकाला प्रत्यावर्ती प्रवाहाचा दिष्ट प्रवाह करावयाचा आणि दुसऱ्या टोकाला तो पुन्हा पूर्ववत करावयाचा, हे काम थायरिस्टर नावाच्या सिलिकॉनच्या अर्धवाहकांच्या रांगा करतात. प्रत्यावर्ती जाळ्यात वीज आपली वाट आपणच शोधते. येथे मात्र किती वीज न्यावयाची हे संचालक क्षणार्धात ठरवू शकतो. कुडूस येथील नव्या पिढीचे परिवर्तक तर निपचित पडलेले जाळे पुन्हा उभे करण्यासही साहाय्यभूत होऊ शकतात.

परंतु लोखंड-तांब्याचे रोहित्र नीट निगा राखल्यास पस्तीस-चाळीस वर्षे सेवा देते. परिवर्तक केंद्राची नियंत्रणयंत्रणा त्यापूर्वीच कालबाह्य होते, तिचे सुटे भाग मिळेनासे होतात. म्हणजे नूतनीकरणाचा खर्च लवकर आणि एकदम अंगावर येतो. त्याची तरतूद कोठे आहे? घसाऱ्याची रक्कम आपल्या बिलांतूनच वसूल होते हे खरे. पण प्रारंभीच्या वर्षांत ती मुख्यतः कर्जफेडीत जाते. यंत्रे बदलण्याची वेळ आली की नवे कर्ज आणि त्याचे व्याज पुन्हा ग्राहकांच्याच माथी.

यास्तव घसाऱ्याचा काही अंश वेगळ्या नूतनीकरण निधीत जमा करण्याचे बंधन वीज नियामक आयोगाने घालावे. त्यामुळे आजचे बिल थोडे चढेल, हा आक्षेप रास्त आहे. तथापि आज वाचविलेले पैसे उद्याच्या ग्राहकाकडून व्याजासह वसूल होणार असतील, तर ती बचत कसली? दरवाढीच्या जाहीर सुनावणीत सामान्य ग्राहकालाही हरकत नोंदविता येते. तेथे युनिटच्या दराइतकाच हा प्रश्नही आग्रहाने मांडला पाहिजे. चंद्रपूर-पडघे वाहिनीला पाव शतक उलटून गेले आहे. हिशेब तिच्यापासूनच मागता येईल.