पांढऱ्या देवमाशांचा कॅन्सर कुठे गेला?

समुद्रात ना विडी, ना तंबाखू. मग तिथल्या प्राण्यांना कॅन्सर कशाला होईल, असे आपल्याला वाटते. पण डॉल्फिन, देवमासे आणि सील हे मासे नव्हेतच. ते फुप्फुसाने श्वास घेतात, पिलांना जन्म देतात, दूध पाजतात. आपल्याला होणारे अनेक आजार त्यांनाही होतात. डॉल्फिनच्या मेंदूत गाठ सापडल्याच्याही नोंदी आहेत, पण अगदी तुरळक. कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीच्या मुखाशी मात्र कॅन्सर तुरळक राहिला नाही.

तिथे बेलुगा नावाचे पांढरे देवमासे राहतात. बेसुमार शिकारीमुळे त्यांची संख्या फार घटली. १९७९ साली शिकारीवर बंदी आली. १९८३ पासून मॉन्ट्रियल विद्यापीठाचे पशुवैद्यक किनाऱ्याला लागलेल्या मृत बेलुगांची चिरफाड करून मृत्यूचे कारण शोधू लागले. १९९९ पर्यंत तपासलेल्या प्रौढ बेलुगांपैकी २७ टक्क्यांना कॅन्सर होता, तोही अनेकांना आतड्याचा. रानावनातल्या किंवा समुद्रातल्या प्राण्यांत असे प्रमाण क्वचितच दिसते.

संशयाची सुई सागने या उपनदीकडे वळली. तिच्या काठी ॲल्युमिनियमचे मोठे कारखाने होते. त्यांतून डांबरासारखी काजळी-रसायने वर्षानुवर्षे पाण्यात जात होती आणि तळाच्या गाळात बसत होती. बेलुगा हा गाळ उकरून त्यातले किडे-शिंपले खातात. याच कारखान्यांतल्या कामगारांमध्येही फुप्फुसाचा आणि मूत्राशयाचा कॅन्सर जास्त आढळला होता. भट्टीजवळचा माणूस आणि नदीतला देवमासा, दोघांच्याही वाट्याला तेच विष आले होते. त्यात विजेच्या उपकरणांत वापरले जाणारे पीसीबी हे रसायन त्यांच्या चरबीत साठत होते, आणि आईच्या दुधातून पिलाच्या पोटात जात होते.

१९७० च्या दशकात कारखान्यांच्या सांडपाण्यावर आणि पीसीबीवर निर्बंध आले. फळ लगेच दिसले नाही. बेलुगा दीर्घायुषी असतात आणि कॅन्सर उतारवयात डोके वर काढतो. म्हणून आधी जन्मलेले देवमासे पुढेही कॅन्सरने मरत राहिले. पण २०१६ साली तीस वर्षांच्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. १९७१ नंतर जन्मलेल्या एकाही तपासलेल्या बेलुगात कॅन्सर सापडला नव्हता. या निर्बंधांचाच हा परिणाम असावा, असे संशोधकांचे मत आहे.

गोष्ट इथे सुखाने संपली असे मात्र नाही. अलीकडच्या वर्षांत तिथे नवजात पिले आणि बाळंतपणात अडलेल्या माद्या जास्त मरू लागल्या. त्यामागची कारणे एकाहून अधिक आहेत.

सागनेच्या पाण्यात मिसळलेली ती काजळी-रसायने आपल्यालाही परकी नाहीत. गल्लीत कचरा पेटवला, चुलीचा धूर घरात कोंडला, सिगारेट ओढली की तीच तयार होतात. आज आपण जे जाळतो, त्याचा हिशेब कदाचित वीस-तीस वर्षांनी आपल्या मुलांना द्यावा लागेल. आणि आज जे थांबवू, त्याचा फायदाही त्यांनाच मिळेल. बेलुगांच्या एका पिढीला तो मिळाला आहे.