सत्तावन्न सदरे

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातील ही गोष्ट. आमच्या शाळेला रंग द्यावयाचा होता, म्हणून शिपायाने मुख्याध्यापकांच्या खोलीतील सामान व्हरांड्यात काढावयास आरंभ केला. जुन्या हजेरीपत्रकांच्या कपाटामागे त्याला एकावर एक रचलेली अकरा पुडकी सापडली. एकही फोडलेले नव्हते आणि प्रत्येकावर माझे नाव होते. “सर, ही पुस्तकं ग्रंथालयात ठेवू का?” त्याने अत्यंत निरागसपणे विचारले. ती पुस्तके नव्हती, सदरे होते. घरच्यांच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून मी ते शाळेच्या पत्त्यावर मागवून तेथे दडवले होते. व्हरांड्यात दोन शिक्षक उभे होते. माझ्या तोंडून ‘हो’ही निघेना आणि ‘नाही’ही.

कपड्यांच्या हव्यासाविषयी लिहावयाचे म्हटले की आपल्याकडील लेखक बहुधा स्त्रियांना चार शब्द ऐकवून मोकळे होतात. साड्यांवरचे विनोद मीही वर्गात केलेले आहेत. तेव्हा हा लेख एका पुरुषाच्या कपाटापासून सुरू व्हावा, हेच न्याय्य.

त्या सायंकाळी पुडकी घेऊन मी घरी आलो आणि सौ. समक्ष सगळे कपाट पलंगावर ओतले. मोजणी सत्तावन्नवर थांबली. त्यांतील नऊ सदरे माझ्या नित्य वापरात होते, तेवीस एकदा किंवा दोनदा अंगाला लागलेले, चौदा कुठे ना कुठे मापाला चुकलेले आणि अकरा ते पुडक्यांतले. सौ. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, एवढे सदरे झिजवायला तुम्हांला आणखी एक जन्म घ्यावा लागेल.” मला हसू आले असते, परंतु सांगावयाची खरी गोष्ट अजून पुढेच होती. क्रेडिट कार्डाची थकबाकी भागवण्यासाठी मुलीच्या शिक्षणाकरिता ठेवलेली ४०,००० रुपयांची मुदतठेव मी मुदतीपूर्वी मोडली होती. ते ऐकून मात्र ती उठून स्वयंपाकघरात गेली. त्या रात्री आमच्या घरात कोणी कोणाशी बोलले नाही.

असे का व्हावे, याचा शोध घेताना मन प्रथम बालपणाकडे धावते. माझे वडील इंदूरच्या एका कापडगिरणीत हिशेबनीस होते. दिवाळीला गिरणीतून सवलतीच्या दराने एक थान घरी येई. त्यातच आम्हा तिघा भावांचे सदरे बेतले जात, आणि उरलेल्या कापडाचे उशांचे अभ्रे होत. एका दिवाळीच्या छायाचित्रात आम्ही पलंगावर बसलो आहोत. त्यात भाऊ कोणते आणि उशा कोणत्या, हे नीट पाहिल्यावाचून कळत नाही! तथापि हा दाखला मी फार पुढे रेटणार नाही. माझे दोन्ही बंधू त्याच थानातून वाढले आणि दोघांचेही कपडे मोजके आहेत.

खरे कारण अधिक सामान्य होते. मुख्याध्यापक झाल्यापासून माझ्या संध्याकाळी ओस पडल्या होत्या. शिक्षकांच्या खोलीतील चहा सुटला. मी आत गेलो की गप्पा थांबू लागल्या. रात्री घरची मंडळी निजल्यावर हातात दूरध्वनी येई आणि त्याच्या पडद्यावर बाजारपेठ उघडे. पूर्वी राजवाड्यामागच्या बाजारात किंवा सीतलामाता बाजारात कापड घ्यावयाचे तर पायपीट करावी लागे, दुकानदारापुढे पैसे मोजावे लागत आणि घरी येऊन पिशवी दाखवावी लागे. या तिन्ही पायऱ्यांवर माणसाला परतण्याची संधी होती. आता अंगठ्याच्या एका स्पर्शात व्यवहार पुरा होतो, आणि पैसे गेल्याचे मनाला जाणवतसुद्धा नाही.

वस्तुतः मला सदरे नको होते. हवे होते ते निवडीचे ते अर्धे तास. रंग पाहावेत, कॉलर पाहावी, तो सदरा घालून आपण कोठे उभे आहोत याचे चित्र रंगवावे. पुडके हाती येईपर्यंत त्यातला आनंद संपलेला असे. म्हणूनच ती अकरा फोडावीशी वाटली नाहीत.

या खोडीची नोंद वैद्यकाने फार पूर्वी घेतली आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने अनावर खरेदीच्या या ओढीला ‘ओनिओमॅनिया’ असे नाव दिले होते. अमेरिकेतील प्रचलित वर्गीकरणात आजही तिला स्वतंत्र विकाराचे स्थान नाही. पण ज्यांचे कर्ज वाढत चालले आहे, ज्यांना ठरवूनही हात आवरत नाही, त्यांना मानसोपचाराचा, विशेषतः विचार आणि वर्तन यांना वळण लावणाऱ्या उपचारपद्धतीचा, उपयोग होतो. तेव्हा मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात संकोच कसला? मीही दोनदा जाऊन आलो, आणि हे लिहिण्यात मला कमीपणा वाटत नाही.

फ्रेंच विचारवंत देनी दिदरो याने १७६९ मध्ये आपल्या जुन्या झग्याच्या वियोगावर एक निबंध लिहिला. कोणीतरी भेट दिलेला लालभडक नवा झगा अंगावर चढताच त्याला आपली गवती खुर्ची, साधे मेज, भिंतीवरची चित्रे, सारेच गबाळे दिसू लागले आणि एकेक वस्तू बदलावी लागली. पुढे १९८० च्या दशकात ग्रँट मॅक्रॅकन या कॅनडाच्या मानववंशशास्त्रज्ञाने या साखळीला दिदरोचेच नाव दिले. मला तो निबंध वाचताना घाम फुटला. एका जाकिटासाठी मी चार सदरे घेतले होते, त्या सदऱ्यांसाठी दोन विजारी, आणि ते जाकीट मुळात एका लग्नासाठी होते, ज्या लग्नाला मी गेलोच नाही.

सुधारणेचा आरंभ सौ. ने केला. तिने एक शंभरपानी वही आणली आणि डाव्या बाजूस किंमत, उजव्या बाजूस वापरल्याची तारीख, असे रकाने आखले. हिशेब साधा होता: किमतीला वापराच्या दिवसांनी भागावयाचे. ७९९ रुपयांचा स्वस्त म्हणून घेतलेला सदरा एकदाच अंगावर आला, म्हणजे त्या एका दिवसाचे भाडे ७९९ रुपये पडले. शिंप्याकडून शिवलेला जुना निळा सदरा कापड व शिलाई धरून १,२०० रुपयांना पडला होता. तो शंभराहून अधिक वेळा घातलेला, म्हणजे दिवसाला बारा रुपयेसुद्धा नाहीत. गणित मी मुलांना तीस वर्षे शिकवीत नसलो तरी एवढे मला कळले.

दूरध्वनीतील दुकाने मुलीने पुसून टाकली. कार्ड सौ. च्या पेटीत गेले. काही घ्यावेसे वाटलेच तर ते वहीच्या मागच्या पानावर तारखेसह लिहावयाचे आणि महिनाभर थांबावयाचे, असे ठरले. पहिल्या तीन महिन्यांत त्या पानावर एकोणीस नोंदी झाल्या. महिना उलटल्यावर त्यांतील एकही वस्तू मला नीट आठवेना.

मग एके रविवारी मी त्या नऊ सदऱ्यांकडे निवांत पाहिले. हेच नऊ मी का घालतो? सर्व सुती होते. रंग फिका निळा किंवा मळकट पांढरा. सर्वांना मोठा खिसा होता, ज्यात चष्मा आणि लाल शाईचे पेन मावते. आणि नऊपैकी सात आमच्या गल्लीतल्या शिंप्याने माझ्या उतरत्या खांद्यांना सांभाळून शिवले होते. उरलेले अठ्ठेचाळीस मी दुसऱ्याच एका गृहस्थासाठी घेतले होते. तो सडपातळ होता, मांडवात मिरवणारा होता, गडद जांभळा रंग त्याला शोभत असे. त्याची माझी कधी गाठ पडली नाही.

त्या अठ्ठेचाळिसांची वाट लावणे सोपे नव्हते. शाळेच्या मुलांना किंवा शिपायाला ते द्यावेत असे प्रथम वाटले. पण स्वतःची चूक दुसऱ्याच्या अंगावर उपकार म्हणून घालणे मनाला रुचेना. काही भाच्यांनी नेले, काही एका संस्थेला दिले. सात बोहारणीने घेतले आणि बदल्यात स्टीलचा एक डबा दिला. सौ. त्यात रवा ठेवते. शिऱ्याचा वास आला की मला सात सदरे आठवतात.

आमच्या आजीच्या काळी कपड्याला आयुष्य असे. इरकली लुगडे आधी सणाचे, मग बाहेर जाण्याचे, मग घरी नेसण्याचे. विरले की त्याची गोधडी होई आणि शेवटी पोतेरे. हा क्रम मला नुसता ठाऊक होता. तो पटला गेल्या हिवाळ्यात महेश्वरला. अहिल्याबाईंनी राजधानी केलेले हे गाव इंदुरापासून सुमारे नव्वद किलोमीटरवर. तरी हातमागापुढे मी प्रथमच तासभर बसलो. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. धोटा एकदा इकडून तिकडे गेला की कापड दोऱ्याएवढे वाढे. काठावर नर्मदेच्या लाटा आणि घाटावरच्या दगडी नक्षीतली वेलबुट्टी. तासाभराने विणकराने जेवढे विणले ते मी बोटांनी मोजले आणि गप्प झालो.

तेथून मी सदऱ्यापुरते अडीच मीटर सुती कापड घेतले, रोख पैसे मोजून. शिंप्याने माप घेताना जुन्या निळ्या सदऱ्याची कॉलर उलटवून शिवून दिली आणि कोपराला रफू केला. आज कपाटात सोळा सदरे आहेत. सकाळी हात घालीन तो माझाच निघतो. आरशापुढे वेळ जात नाही.

मुदतठेव पुन्हा भरत आणली आहे. सहा हजार उरले आहेत. वहीच्या मागच्या पानावर मात्र गेल्या मंगळवारी एक नोंद पडली: गडद जांभळा, लांब बाह्यांचा. सौ. ने ती वाचली, काही न बोलता शेजारी तारीख घातली आणि वही फळीवर ठेवून दिली.