संत्र्याचे फळ देठापासून का सुटते?

पावसाळ्यात आंबिया बहाराची हिरवी फळे झाडाखाली पडू लागली की वरुड-मोर्शीपासून अकोटपर्यंत एकच विचारणा होते : फवारणी कोणती? त्याआधी फळ सुटते कसे, ते पाहू.

झाडाचे सर्व भाग सूक्ष्म पेशींचे बनलेले असतात. प्रत्येक पेशीभोवती पेशीभित्तिका असते. शेजारच्या दोन भित्तिकांमधील थर म्हणजे मध्यपटल. विटांमध्ये जसा सिमेंटचा थर, तसेच हे. त्यात मुख्यतः पेक्टिन असते. जेलीला घट्टपणा येतो तो याच पदार्थामुळे. पेक्टिनचे धागे कॅल्शियमने एकमेकांशी बांधलेले असतात.

फळ व देठ जुळतात तेथे लहान पेशींचा खास थर असतो. फळाकडून ऑक्सिन हे संजीवक येत असते तोवर तो घट्ट राहतो. ऑक्सिन घटून इथिलीन वाढले की याच पेशी पेक्टिन विरघळविणारी विकरे सोडतात व एकमेकींपासून सुटतात. भारी जमिनीत पाणी साचून मुळे गुदमरली तरी इथिलीन वाढते. म्हणून फवारणी पंपाआधी कुदळ हाती घ्या आणि चर काढून पाणी बाहेर काढा.

अशा गळीसाठी १०० लिटर पाण्यात जिब्रेलिक ॲसिड १.५ ग्रॅम व युरिया १ किलो मिसळून फवारावे. जिब्रेलिक ॲसिड आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावे.

गळलेले फळ मात्र हातात घेऊन पाहा. बारीक छिद्र व भोवती मऊ, कुजकट भाग दिसल्यास ते काम रसशोषक पतंगाचे. तेथे संजीवकावर पैसे घालू नका. पडलेली फळे वेचून खोल पुरा.