मौन सुटलेला मठ

गांधीजी दक्षिण आफ्रिकेत चपला शिवायला शिकले, हे आपल्याला ठाऊक असते. ही कला त्यांना शिकवली हर्मन कॅलनबाख यांनी. आणि कॅलनबाख ती शिकून आले होते मारियनहिलच्या मठातून. नाताळ प्रांतात डर्बनजवळ, झुलू लोकांच्या मुलखात उभ्या राहिलेल्या या कॅथलिक मठाची कथा मोठी विलक्षण आहे.

फ्रान्झ फान्नर हे ऑस्ट्रियन धर्मगुरू डिसेंबर १८८२ मध्ये आपल्या साथीदारांसह येथे आले. त्यांचा पंथ ट्रॅपिस्ट. मौन, प्रार्थना, अंगमेहनत आणि मांसाहारवर्ज्य साधे जेवण हे त्याचे कडक नेम. जगापासून दूर राहावे, ही या साधूंची रीत. पण येथे तर भोवताली झुलूंची वस्ती! मुलांना शिकवायचे तर बोलायला हवेच. मग शाळा निघाली. शेती, सुतारकाम, चर्मकाम, छपाई यांचे शिक्षण सुरू झाले. मुलींसाठी आणि स्त्रियांसाठी १८८५ मध्ये जोगिणींचा स्वतंत्र संघ स्थापन झाला. शतक संपता संपता हा जगातला सर्वांत मोठा ट्रॅपिस्ट मठ बनला होता.

१८९५ मध्ये गांधीजींनी मठाला भेट दिली आणि लंडनच्या 'द व्हेजिटेरियन'मध्ये त्यावर लेख लिहिला. तेथे काळा-गोरा भेद पाळला जात नाही, हे त्यांच्या मनात विशेष भरले. अर्थात झुलूंनी बहुपत्नीत्वासारख्या आपल्या चालीरीती सोडाव्यात, हा मिशनऱ्यांचा आग्रह होताच.

मात्र मौनाचा नेम आणि मिशनचे काम यांचा मेळ बसेना. वरिष्ठांशी मतभेद होऊन फान्नर यांना १८९३ मध्ये मठाधिपतिपद सोडावे लागले. अखेर १९०९ मध्ये पोपच्या आज्ञेने मारियनहिल ट्रॅपिस्ट पंथातून वेगळे झाले आणि मिशनऱ्यांचा स्वतंत्र संघ बनले. त्याच वर्षी फान्नर निवर्तले. ज्या नियमासाठी ते साधू झाले, तोच त्यांच्या संस्थेला सोडावा लागला.

पुढे येथील सेंट फ्रान्सिस कॉलेजात साठच्या दशकात एक तरुण शिकला. त्याचे नाव स्टीव्ह बिको. वर्णद्वेषाविरुद्ध कृष्णवर्णीयांचा स्वाभिमान जागवणाऱ्या बिकोने मिशनऱ्यांच्या धर्मोपदेशावरही परखड टीका केली. १९७७ मध्ये पोलिसांच्या कोठडीत त्याचा अंत झाला. मौन पाळण्यासाठी आलेल्यांच्या शाळेतून असा स्पष्टवक्ता विद्यार्थी बाहेर पडला.